एक ओळ सुलट, एक ओळ उलट

…तो ओरखडा अजून तिथंच होता. लॅपटॉपच्या पडद्यावर, उजवीकडे खाली, मोहरीएवढा, कणभर लहानच, आणि बाल्कनीतून ऊन आत आलं की त्याच्या कडेला निळसर-जांभळं काहीतरी चमकायचं — कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच आमची आजवरची कीर्ती आहे, पण अडीच हजार प्रकाशवर्षं लांबचे दोन तारे एकमेकांपासून सुटे झाले ते इथं, या ओरखड्यापाशी, पंजाबातल्या झिरकपूरच्या एका सातव्या मजल्यावर, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात. आणि सुटे झाले ते दुर्बिणीनं नव्हे. दहा नंबरच्या विणकामाच्या सुईनं.

रामचंद्रानं बोट ओलं करून ओरखडा पुसला. रोज पुसायचा. तो जाणार नाही हे रोज नव्यानं कळायचं, आणि त्या कळण्यात थोडी भीती असायची आणि थोडा — काय म्हणावं — आधारही असायचा. घरात एक तरी वस्तू अशी होती की जिच्यापुढे थापा मारून उपयोग नव्हता.

आज रविवार. अकरा वाजता महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये त्याचं भाषण. विषय, 'मी शोधलेला तारा'. विषय त्यानंच दिला होता. त्यातला 'मी'सुद्धा त्यानंच.

तसं पाहिलं तर काम साधं. कुठल्याशा परदेशी डोंगरावर एक दुर्बीण आहे, तिच्यापाशी माणूस नाही. ती आपली आपण रोज झाकण उघडते, अख्खं आभाळ तुकड्यातुकड्यानं टिपते आणि उजाडायच्या आत झाकण लावून घेते. मग एक प्रोग्रॅम एकेका ताऱ्याचा उजेड मोजतो, काल किती, आज किती, आणि ज्यांचा उजेड कमीजास्त होतो अशा लाखो ताऱ्यांच्या, रूपविकारी ताऱ्यांच्या, ठिपक्यांच्या रांगा मांडतो. त्या रांगेची घडी घालायची. बरोबर अंतरावर घडी पडली की वर्षभराचे ठिपके एकावर एक बसतात आणि एक आकार दिसतो, ताऱ्याची चाल दिसते, आणि चालीवरून जात ठरवायची — हा एकटाच फुगतो नि आकसतो. हे दोघं एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकतात. हा नुसता कचरा. प्रोग्रॅमला जिथं खात्री नसते तिथं जगभरातल्या हौशी माणसांना विचारतात, आणि तेहतीस वर्षं हवाई दलात रडारपुढे बसून ठिपका विमानाचा की पक्ष्यांचा हे सांगत आलेला, सातारा जिल्ह्यातला, निवृत्त वॉरंट ऑफिसर रामचंद्र निकम याच्याइतका रिकामा हौशी माणूस इकडच्या एकाही शहरात नव्हता. (राजस्थानातल्या एका तळावर असताना मी टोळधाड रडारवर ओळखली होती. साहेब म्हणाले, शत्रूची विमानं. मी म्हटलं, सर, टोळ आहेत, अकरा लाख, आणि त्यातले दोन लंगडे. हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे.)

पण त्या ताऱ्याच्या आकाराचा तळ जाड का आहे, हे मला दिसलं नव्हतं.

जून होता. भर जूनमध्ये त्याची बायको चारुशीला लोकर विणायची. थंडीत विणायला बसलं तर थंडीत घालणार काय, असं तिचं म्हणणं. चार वाजता ती चहा आणायची, कप ठेवायची, आणि विणता विणता त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची — बसायची नाही, बोलायची नाही, फक्त सुयांचा आवाज, टिक, टिक, टिक, आणि त्या आवाजात त्याला ठिपके बरे दिसायचे. त्या दिवशी पडद्यावर एक तारा होता, चार तास दहा मिनिटांच्या घडीचा. छान नागमोडी आकार. आधीच्या एकोणीस माणसांनी त्यावर शिक्का मारला होता, 'एकटा, फुगणारा'. रामचंद्रही तोच मारणार होता.

"खाली जाड का आहे हो ते?" मागून आवाज आला.

"हवा खराब असली की ठिपके हलतात. गोंगाट म्हणतात त्याला."

टिक, टिक. मग सुया थांबल्या.

"मग वरचे का नाही हलत?"

तेहतीस वर्षं. तेहतीस वर्षांत एकाही साहेबानं मला असा प्रश्न विचारला नव्हता. त्यानं मान वळवायच्या आत तिनं खांद्यावरून वाकून सुईचं टोक पडद्यावर टेकवलं, कच्चकन टेकवलं, आणि म्हणाली, "या दोन ओळी आहेत. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. तुम्ही घडी अर्ध्यावरच घातलीय."

त्यानं घडी दुप्पट केली. आठ तास वीस मिनिटं. आणि ते जाड तळातले ठिपके — अजून अंगावर काटा येतो — सळसळत दोन बाजूंना झाले, एक दरी थोडी खोल, एक थोडी उथळ, खोल, उथळ, एकसारख्या वाटणाऱ्या पण नसलेल्या. एकटा नव्हताच तो. दोन होते, इतके जवळ की एकोणीस माणसांना आणि एका प्रोग्रॅमला ते एक वाटले. "अरे!" असं तो ओरडला तेव्हा चारुशीला दूध बघायला आत गेली होती.

शेऱ्याच्या चौकटीत त्यानं तिचेच शब्द टाइप केले, मराठीतच, एक ओळ सुलट एक ओळ उलट, आणि खालचं बटण दाबलं. वर नाव त्याचं होतं. नाव आधीपासूनच तिथं असतं, आपल्याला लिहावं लागत नाही. एवढंच झालं. मिनिटभराचं काम. त्या मिनिटात मी काहीही ठरवलं नव्हतं.

ठरवलं ते जुलैत. दुरुस्ती मान्य झाल्याचं पत्र आलं, यादीत रामचंद्र निकम, आणि त्यानं ते दिवाणखान्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं, मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, फुलं आली, टाळ्या आल्या, आणि चारुशीला दारात हात पुसत उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "छान झालं," म्हणाली. "शिरा करू?" शिरा केला. चांगला झाला होता, केळं घातलेला. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि विणकाम घेऊन बाल्कनीत गेली.

चार महिने झाले. ती रागावलेली नव्हती. बोलायची, औषधांच्या वेळा सांगायची, मालिकेतल्या सासूला नावं ठेवायची. फक्त खुर्चीच्या मागे यायची नाही. आणि रामचंद्राचं असं व्हायला लागलं होतं की आकार समोर असायचा, घडी बरोबर असायची, तरी पाठीमागे गार वाटायचं, आणि तो शिक्का मारायचा — 'सांगता येत नाही'. त्यानं हिशेब बघितला होता. जुलैनंतरचे निम्मे तारे सांगता येत नव्हते.

फोन वाजला. आश्लेषा. मोहालीच्या संस्थेत याच ताऱ्यांवर संशोधन करणारी, नाशिककडची, तिशीची मुलगी. आज हॉलमध्ये ओळख तीच करून देणार होती.

"काका, निघालात?"

"निघतोच. पण झिरकपूर आहे हे. निघालो म्हणजे पोचलो असं नसतं."

ती हसली. "एक रिक्वेस्ट होती. तुमचं विणकाम आणाल? जे चालू असेल ते. अर्धवटच हवंय खरं तर. लोकांना दाखवू, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. स्लाइडपेक्षा ते भारी होईल."

त्यानं दारातून पाहिलं. चारुशीला आतल्या खोलीत साडी नेसत होती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. गेल्या आठवड्यात हीच पोरगी पहिल्यांदा बोलली तेव्हा म्हणाली होती, तुमचा शेरा आमच्याकडे फेमस आहे, बाकीच्यांना वाटलं कीबोर्डवर मांजर चाललं, मी वाचला आणि उडालेच. काका, तुम्ही विणता? आणि या प्रश्नाचं उत्तर दोन अक्षरांचं होतं. 'ही' विणते. दोन अक्षरं कसली, एकच. पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "विणतो म्हणजे! लेहच्या वर एका चौकीवर बर्फात सहा आठवडे अडकलो होतो. सुया नव्हत्या, अँटेनाच्या काड्या घासून केल्या. सहाव्या आठवड्यापर्यंत अख्ख्या चौकीला मफलर." ती खळखळून हसली आणि तिनं विश्वास ठेवला. आयुष्यभर ज्यांनी ठेवू नये त्यांनी ठेवला नाही. आणि या पोरीनं ठेवला.

"काका? ऐकताय ना? आणि एक सांगायचं राहिलं. तुमच्या त्या ओळीवरून मी आमच्या प्रोग्रॅमला शिकवलं, जिथं तळ जाड दिसेल तिथं घडी दुप्पट करून बघ. जुन्या याद्या परत चालवल्या. दोनशे चाळीस निघाले. दोनशे चाळीस जोड्या, काका. सगळ्यांना एकटं समजून शिक्का मारला होता. म्हणून मला त्यांच्यासमोर नीट हवंय, तुम्हाला ते नेमकं कसं दिसलं. तुमच्या शब्दांत."

"आणतो," रामचंद्र म्हणाला.

कापडी पिशवी सोफ्यावरच होती. तिच्यात मुलासाठी चाललेल्या स्वेटरची पाठ, राखाडी, वीतभर झालेली, सुया तशाच टाक्यांत. त्यानं पाठ तेवढी पिशवीतून काढली, लॅपटॉपच्या बॅगेत सरकवली, चेन ओढली. मिनिटभराचं काम.

झिरकपूरच्या चौकात गाडी अडकली. शंतनू, त्याचा मुलगा, स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. पंजाब-हरियाणाच्या छावण्यांत वाढलेला, मोहालीत नोकरी, मराठी बोलायचा पण घाईत हिंदी घुसायचं.

"बाबा, आज प्लीज टोळधाड नको हं. रघुवीरकाका येणारेत, पूरा टाइम हसत बसतात."

"टोळांचा आणि ताऱ्यांचा काय संबंध?"

"तुमच्याकडे असतो यार. सबका असतो."

मागच्या सीटवर चारुशीलानं पिशवी उघडली. वाहतूक अडली की ती विणायची. एअरपोर्ट रोडवरच्या गर्दीत तिचे दोन मफलर झाले होते. पिशवीत हात गेला, फिरला, थांबला. रामचंद्र पुढच्या आरशात बघत होता. बघायला नको होतं.

"माझं विणकाम?"

"घरी राहिलं असेल, आई."

"भरलं होतं मी."

शंतनूनं हॉर्न दिला, कुणालाही नाही, असाच. रामचंद्राच्या पायांपाशी बॅग होती आणि बॅगेतून सुईचं गोल डोकं चेनच्या टोकाशी टोचून वर आलं होतं, हिरवट, वाटाण्याएवढं. त्यानं पाऊल उचलून हळूच त्यावर बूट ठेवला. सांगून टाकावं. 'अगं, माझ्याकडे आहे, चुकून आलं,' एवढं म्हटलं तरी… पण चुकून का आलं? चुकून आलेल्या वस्तूचं कारण सांगावं लागतं, आणि माझ्यापाशी कारणांचा तुटवडा कधीच नव्हता, आज मात्र एकही सुचेना.

"तुमची बॅग आज जड दिसतेय," ती म्हणाली.

"लॅपटॉप आहे."

"हं."

तिनं हात मांडीवर ठेवले. एकावर एक. पंचेचाळीस वर्षांत रामचंद्रानं ते हात असे बघितले नव्हते — सुईशिवाय, विळीशिवाय, कुणाच्या तरी कपाळावर नसताना — आणि आरशात दिसणाऱ्या त्या दोन हातांकडे बघताना त्याला वाटलं की तिला सगळं माहीत आहे. मग वाटलं, काहीच माहीत नाही, आणि हेच जास्त वाईट. मग पुन्हा वाटलं… असंच, एक आड एक, ट्रिब्यून चौकापर्यंत.

"बावीसला दोन मिनिटं थांबव रे," ती शंतनूला म्हणाली. "लोकर घ्यायचीय."

"आई, लेट होईल."

"नाही होत."

सेक्टर बावीसच्या बाजारात दुकानदार नुकता शटर वर करत होता. शंतनू गाडीतच थांबला. रामचंद्र तिच्यामागून गेला, बॅग खांद्याला, कारण ती गाडीत ठेवायचा धीर झाला नाही. लोकरीचे गुंडे छतापर्यंत रचलेले.

"ग्रे चाहिए, भाईसाहब. दो गोले."

"सैंपल लाए हो, आंटी जी?"

"था," ती म्हणाली. "रह गया कहीं."

कुठं, हे तिनं सांगितलं नाही. वळूनही पाहिलं नाही. सॅम्पल तिच्यापासून हातभर अंतरावर होतं, माझ्या बगलेत, चेन ओढली की बाहेर. दुकानदार माझ्याकडे बघत होता, का कोण जाणे, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बर्फाच्या डोंगराकडे बघत होतो, जणू तिथली एखादी चौकी माझ्या ओळखीची असावी.

दुकानदारानं दोन गुंडे समोर ठेवले. एकच कंपनी, एकच चिठ्ठी. तिनं दोन्ही उचलले, दारापाशी उन्हात नेले, बोटानं धागा सुटा केला.

"ये दोनों अलग हैं."

"एक ही है जी. नंबर देख लो."

"नंबर एक है. लॉट अलग है. इसमें नीला ज़रा ज़्यादा है."

दुकानदारानं डोळे बारीक केले, बल्ब लावला, मग हसून मान हलवली आणि मागून तिसरा गुंडा काढला. "मान गए, आंटी जी. उन्नीस-बीस का फ़र्क़ था."

"विणल्यावर तेवढंच दिसतं," ती मराठीत म्हणाली — दुकानदाराला नव्हे. रामचंद्राला म्हणाली का? ती पैसे देत होती, पाठमोरी. त्यानं 'हो' म्हटलं. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत हवाई दलातले, त्यांच्यामागे बायका, मागे मोहालीची नोकरदार पोरं, फोन हातात. चहाच्या कपांची किणकिण. चारुशीला तिसऱ्या रांगेत कडेला बसली, नव्या लोकरीची पिशवी मांडीवर. आश्लेषानं छान ओळख करून दिली; मागच्या भिंतीवर ती चाल उमटली, आधी अर्ध्या घडीची, मग दुप्पट, आणि खोल, उथळ, खोल, उथळ असे डोंगर पसरले तेव्हा मागची पोरं फोन खाली ठेवून बघायला लागली.

"निकम," ग्रुप कॅप्टन रघुवीर साळवी पहिल्या रांगेतून ओरडले, "यातले लंगडे किती?"

हॉल हसला. रामचंद्रही हसला. हे बरं होतं. हे ओळखीचं होतं. अशा हशावर मी आजवर कितीतरी वेळा स्वार होऊन पलीकडे गेलो आहे.

"आणि आता गंमत," आश्लेषा म्हणाली, "काका स्वतः विणतात. त्यांच्या हातातल्या विणकामामुळेच त्यांना हे दिसलं. काका, आणलंय ना?"

चेन ओढली. राखाडी पाठ बाहेर आली, सुया लोंबत्या. रामचंद्रानं तिसऱ्या रांगेकडे बघितलं नाही; तरी तिसरी रांग दिसली. दिसायचं ते डोळ्यांच्या कडेनंही दिसतं, रडारवाल्याला तर दिसतंच. ती हलली नव्हती. लोकांबरोबर बघत होती, लोक बघतात तसं.

"लेहच्या वर," त्यानं सुरुवात केली, "एका चौकीवर आम्ही सहा आठवडे…"

"दोन टाके घालून दाखवा ना, काका! मी क्लोजअप घेते."

त्यानं सुया धरल्या. पंचेचाळीस वर्षं समोर बघितलेली गोष्ट, अगदी रोजची, आणि कुठल्या हातात कुठली सुई हे त्याला माहीत नव्हतं. मोबाइलचा डोळा जवळ आला. त्यानं उजवी सुई टाक्यात खुपसली, ओढली — आणि डाव्या सुईवरून एक टाका सुटला, मग शेजारचा, मग चार-पाच, आणि वीण सुटत खाली धावली, ओळीमागून ओळ, बारीक शिडी पडत गेली, सुलट, उलट, सुलट, भरभर… आणि तिसऱ्या रांगेत चारुशीला अर्धी उठली होती. उजवा हात पुढे आला होता. कुणी पाळण्यातून पडतंय आणि आपण लांब आहोत, असा तो हात. मग तिला कळलं की सगळे बघतायत, आणि ती हळूच खाली बसली, हात परत पिशवीवर.

त्या हातानं मला धरलं. दुसरं काही नाही. खरेपणाची वगैरे आठवण झाली नाही मला, त्या हातानं धरलं.

"मला विणता येत नाही," रामचंद्र म्हणाला.

हॉल गडगडला. साळवी गुडघ्यावर थाप मारून हसले. "पहिल्यांदा खरं बोलला!"

"येत नाही. हे माझं नाही. हिचं आहे." आता हसू विरळ झालं, कुठं कुठं उरलं. "सकाळी हिच्या पिशवीतून उचललं मी. न विचारता. आणि तो तारा… आश्लेषा, ते वाक्य माझं नव्हतं. मी तर शिक्का मारणार होतो, एकटा म्हणून. विसावा मी. ही मागे उभी होती. ही म्हणाली, खालचे ठिपके हलतात तर वरचे का हलत नाहीत. ही म्हणाली, एक ओळ सुलट, एक उलट. हिनं सुई टेकवली, लॅपटॉपवर ओरखडा आहे अजून, दाखवतो."

कप ठेवल्याचा एक आवाज. आश्लेषानं मोबाइल खाली घेतला आणि ती तिसऱ्या रांगेकडे बघायला लागली, मग सगळ्याच माना तिकडे वळल्या, आणि कुणीतरी, बहुतेक शंतनूनं, टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. बायका चारुशीलाच्या खांद्यावर हात ठेवत होत्या. आश्लेषाचे डोळे चमकत होते. आणि रामचंद्राला इतकं हलकं वाटलं, गेल्या चार महिन्यांत नव्हे, कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. सगळा हॉल त्याच्या मुठीत होता, आणि या वेळी तर खऱ्यानं आलेला होता, एवढा तल्लीन हॉल त्यानं टोळधाडीच्या गोष्टीलाही पाहिला नव्हता… इथं थांबायला हवं होतं. इथं कुणीही थांबलं असतं.

"आणि बाईचं मन बघा," तो म्हणाला, आवाज आपोआप खाली गेला, जसा गोष्टीच्या शेवटाला जातो. "बटण दाबायच्या आधी मी विचारलं हिला. म्हटलं, चारू, नाव कुणाचं घालू? तर ही म्हणते कशी, तुमचं काय आणि माझं काय… आपण एकच."

दुसऱ्या रांगेतून 'अगंबाई' असा सुस्कारा आला. साळवींनी चष्मा काढला.

"खोटं."

मोठ्यानं नव्हतं म्हटलेलं. मालिकेतल्या सासूला म्हणावं तसं, सहज, पण हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. चारुशीला उभी होती, आता पूर्ण, पिशवी खुर्चीवर ठेवून.

"असं मी म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंच नव्हतंत मला."

कुणी हसलं नाही. भिंतीवर ते डोंगर तसेच होते, एक खोल, एक उथळ. माझ्या हातात सुटलेले टाके होते, आणि तोंडात, आश्चर्य म्हणजे, काही नव्हतं — एकही चौकी नाही, एकही टोळ नाही. तिनं श्वास घेतला. ती आणखी बोलणार होती, आणि काय बोलणार ते मला माहीत नव्हतं.